उत्तर कोणी लिहिले?

गोमंतकात विद्यापीठ नव्हते तेव्हा येथील मुलांना पदवी घेण्यासाठी घाट चढून जावे लागे. कोणी मुंबई-पुण्याची वाट धरी, कोणी बेळगावची, कोणी धारवाडची. १९१७ साली निघालेले धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि १९४९ साली मुंबईत स्थापन होऊन पुढच्याच वर्षी धारवाडास स्थिर झालेले कर्नाटक विद्यापीठ ही नावे त्या काळच्या गोमंतकीय विद्यार्थ्याला परकी नव्हती. पुढे मुक्ती आली, गावोगाव महाविद्यालये निघाली, १९८५ मध्ये ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ उभे राहिले आणि घाटावरची ती वाट अरुंद झाली. आज आम्ही वाचकांस पुन्हा त्याच वाटेने नेत आहोत. हुबळी-धारवाडच्या प्राध्यापकांपुढे जो पेच उभा आहे तोच पणजी, मडगाव, कोल्हापूर आणि रत्नागिरी येथील प्राध्यापकांपुढेही आहे. तिकडे तो अधिक ठळक दिसतो, इतकेच.

हुबळीचे केशवापूर हे उपनगर घ्या. रेल्वेमुळे वाढलेला हा भाग. नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय त्याच बाजूला गदग रस्त्यावर आहे, आणि आपला वास्को-कुळे लोहमार्गही त्याच रेल्वेच्या हुबळी विभागात मोडतो. अशा वस्तीत कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू, तमिळ, कोकणी या सगळ्या भाषा एका गल्लीत नांदतात. समजा, तेथील एका मराठी घरातील मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. आईशी ती मराठीत बोलते, भाजीवालीशी कन्नडमध्ये, आणि परीक्षा देते इंग्रजीत. इंग्रजी ही तिची तिसरी भाषा. ती तिने पुस्तकातून उचलली आहे, कानाने नव्हे. म्हणून तिची वाक्ये साधी, नेमस्त, शिकवल्याबरहुकूम असतात. या मुलीने स्वतः रात्र जागून लिहिलेला निबंध आणि तिच्या शेजारच्या बाकावरील मुलाने मोबाइलवरून अर्ध्या मिनिटात मागवून घेतलेला निबंध हे दोन्ही प्राध्यापकांच्या मेजावर येऊन पडतात. कोणता कोणाचा, हे कसे ओळखायचे? आणि चुकीचे ओळखले तर त्याची भरपाई कोण करणार? उच्च शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज परिसंवादांवर परिसंवाद झडत आहेत. त्यांत या मुलीची गोष्ट फारशी निघत नाही, म्हणून ती आम्ही प्रथम मांडली.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण-यंत्र जगास खुले झाले आणि विद्यापीठांच्या जगात एकच धावपळ उडाली. ती धावपळ समजण्यासाठी हे यंत्र काय करते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. मानवजातीने लिहिलेला अफाट मजकूर त्याच्यासमोर घातलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दांच्या मागोमाग कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचा सूक्ष्म हिशेब ते बांधते आणि प्रश्न विचारताच त्या हिशेबाने शब्दामागून शब्द मांडत जाते. ते कोणाचे वाक्य उचलत नाही. वाक्य दर वेळी नव्याने जुळवते. त्यामुळे मजकूर सफाईदार असतो. तो खरा असेलच याची मात्र हमी नाही. ग्रंथसूची मागा, ती ताबडतोब मिळेल. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे. पण तो लेख मात्र कधी कोणी लिहिलेलाच नाही, असेही त्यात आढळते. न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात दोन वकिलांनी अशीच यंत्राने रचलेली, अस्तित्वात नसलेली निकालपत्रे आधार म्हणून सादर केली आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. कर्नाटकाचे राज्य विधी विद्यापीठ हुबळीतच आहे. तेथील अध्यापकांनी ही हकीकत पहिल्याच तासाला सांगावी, इतकी ती बोधप्रद आहे.

आता आपल्याकडील कायदा पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियम केले. त्यांचे सगळे गणित साम्याच्या टक्केवारीवर बेतलेले आहे. प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करणे. ४० ते ६० असल्यास वर्षभर मनाई. आणि त्यापुढे गेल्यास नोंदणीच रद्द. दुसऱ्याच्या शेतातले पीक कापून आणणाऱ्याला पकडण्यास हे जाळे ठीक होते. पण यंत्राने जुळवलेले वाक्य यापूर्वी कोठे छापलेलेच नसते, मग साम्य सापडणार कशाशी? पानन् पान परके असूनही असा प्रबंध साम्यतपासणीतून निर्दोष सुटू शकतो. आणि ज्याने इमानेइतबारे चार अवतरणे अधिक दिली, तो टक्केवारीत अडकण्याचा संभव अधिक. नियम करणाऱ्यांचा यात दोष नाही. २०१८ साली हे संकट त्यांच्या दृष्टिपथात नव्हते. तथापि नियम तसाच ठेवून त्याच्या भरवशावर निश्चिंत राहणे हा दोष आजचा आहे.

मग बाजारात यंत्र ओळखणारी यंत्रे आली. येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण अनेक विद्यापीठांचा जीव याच उपायावर जडला आहे. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक शोधयंत्र प्रसिद्ध केले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा २६ टक्के मजकूर अचूक ओळखला आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. सहा महिन्यांतच, जुलै २०२३ मध्ये, अचूकता कमी असल्याचे सांगून कंपनीने ते मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात शोधयंत्रे तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले. सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिले असल्याचा निर्वाळा मिळाला. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातांपैकी किमान एका शोधयंत्राने बोट ठेवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक माणसांचे ठरले.

असे का व्हावे? ही शोधयंत्रे मुख्यतः एक गोष्ट मोजतात: पुढचा शब्द किती अपेक्षित होता. शब्द अपेक्षित असतील तर यंत्र, अनपेक्षित असतील तर माणूस. परभाषेत लिहिणारा मनुष्य सावधपणे लिहितो. माहीत असलेले शब्द वापरतो, शिकवलेल्या वळणाची वाक्ये करतो. त्याची ही नेकीच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरते. गंमत अशी की, त्याच निबंधांची भाषा चॅटजीपीटीकडून अलंकृत करून घेतली तेव्हा ते संशयातून झपाट्याने मुक्त झाले. म्हणजे स्वतः लिहिणारा गुन्हेगार आणि यंत्राकडून सजवून घेणारा निर्दोष! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा न्याय आहे. शोधयंत्रे त्यानंतर सुधारली असल्याचे त्यांचे विक्रेते सांगतात, आणि काही अंशी ते खरेही असेल. पण केशवापूरच्या त्या मुलीच्या बाबतीत आम्हांला विक्रेत्याचा शब्द पुरेसा वाटत नाही. तिच्या इंग्रजीचा साधेपणा हा तीन भाषांच्या कसरतीतून आलेला आहे, आणि ती कसरत मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही जाऊन पोहोचला आहे. हरियाणातील जिंदल विद्यापीठात विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याची उत्तरे ८८ टक्के यंत्रनिर्मित असल्याचे ठरवून त्याला अनुत्तीर्ण करण्यात आले. त्याने २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकालात निघाली. त्यामुळे मूळ प्रश्नाचा, म्हणजे असा टक्क्यांचा आकडा पुरावा होतो की नाही याचा, निर्णय त्या प्रकरणात झालाच नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्येच ‘टर्निटिन’चे असे शोधयंत्र वापरणे बंद केले होते. श्रीमंत विद्यापीठाला जे धोक्याचे वाटले ते आपल्याकडे विश्वासाने विकत घ्यावे, याला काय म्हणावे?

आणि एक गोष्ट प्राध्यापकवर्गाला कटू वाटली तरी सांगितली पाहिजे. यंत्र आले ते भरल्या घरात नव्हे. वर्गात टिपणे सांगायची, मुलांनी ती उतरून घ्यायची, परीक्षेत तीच पुन्हा ओतायची, ही रीत आपल्या महाविद्यालयांत कित्येक दशके चालत आली आहे. मार्गदर्शके आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर पदव्या मिळाल्या. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागील वर्षीचा प्रकल्प नाव बदलून मिळे, हे आम्ही नव्याने सांगतो आहोत असे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात तयार होते त्याचे उत्तर आता मोबाइलमध्ये तयार आहे. फरक आहे तो वेगाचा आणि सफाईचा. खुद्द अध्यापकांचेही तेच. २०१० पासून बढतीसाठी गुणांकाची पद्धत आली आणि शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. संख्या मोजली की संख्याच पिकते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. त्यांना वेसण म्हणून २०१९ मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि २०२५ मध्ये तीही मोडीत काढली. ज्या व्यवस्थेत शिक्षकाचे लेखन वजनावर जोखले जाते, तेथे विद्यार्थ्याने आपले लेखन अंतःकरणातून यावे असा आग्रह धरावा हे ऐकणाऱ्याला कसे पटावे? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

याचा अर्थ यंत्र हे केवळ संकटच आहे, असे आम्ही मानत नाही. ज्या मुलाच्या घरात त्याच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, ज्याला शिकवणी परवडत नाही, आणि वर्गात शंका विचारली तर हसे होईल या भीतीने जो गप्प बसतो, त्याला रात्री अकरा वाजता न चिडता दहादा तीच गोष्ट समजावून सांगणारा कोणी मिळाला तर ते लहानसहान नव्हे. इंग्रजीतील परिच्छेदाचा अर्थ मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारता येणे ही तर आपल्या भागात मोठीच सोय. सुखवस्तू मुलांना हे साह्य आईबापांच्या शिक्षणामुळे आणि पैशामुळे पूर्वीही मिळत होते. यंत्राला सरसकट बंदी घालावी म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. शिवाय बंदी घालणार कोठे? धारवाडला २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि २०१६ मध्ये आयआयटी आली. पहिल्या संस्थेत विदाविज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा अभ्यासक्रमच आहे. त्याच जोडशहरातील कला महाविद्यालयाने ‘ही वस्तू आम्हांस ठाऊक नाही’ अशी भूमिका घेणे हास्यास्पद ठरेल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने तर २०२५ हे वर्षच कृत्रिम बुद्धिमत्तेचे म्हणून जाहीर केले होते.

प्रश्न आहे तो निबंध कशासाठी लिहायचा असतो, हा. लिहिता लिहिता विचार सुचतो, अडतो, मोडतो आणि नव्याने जुळतो. त्या अडण्यातच शिक्षण असते. तयार उत्तर हाती आले की अडणे संपते. हुबळीच्या गंगूबाई हनगल सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी आगगाडीने कुंदगोळला जात. गुरू एकच पलटा पुन्हा पुन्हा म्हणून घेत. तेथे दुसऱ्याचा आवाज लावून चालत नसे, कारण ऐकणारा समोर बसलेला असे. गाण्याच्या तालमीत आज इलेक्ट्रॉनिक तंबोरा सर्रास वाजतो, त्याने तालीम बुडाली नाही. गुरू समोरून उठला असता तर बुडाली असती. धारवाडचेच दुसरे उदाहरण आम्हांला आठवते. जी. ए. कुलकर्णी हे मराठीतील थोर कथाकार तेथे जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. घरी मराठी, गावात कन्नड, वर्गात इंग्रजी, ही केशवापूरच्या मुलीचीच त्रिस्थळी यात्रा. त्यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघताच त्यांनी पुरस्कार परत केला. कोणत्या शोधयंत्राने त्यांना पकडले होते?

अशी माणसे नियमांनी घडत नाहीत, हे कबूल. पण विद्यार्थ्याला समोर बसवून ‘हे तू लिहिलेस, आता मला समजावून सांग’ एवढे विचारण्यास थोरपणा लागत नाही. दहा मिनिटांच्या अशा तोंडी परीक्षेत कोणाचे उत्तर कोणाचे, हे बव्हंशी कळते. केशवापूरची मुलगी अडखळत का होईना, लागल्यास मराठीत किंवा कन्नडमध्ये, आपला मुद्दा सांगेल. शेजारचा मुलगा दुसऱ्या प्रश्नालाच गप्प होईल. पुष्कळ जाणत्या अध्यापकांनी हाच मार्ग सुचवला आहे. काही जण वर्गातच कागदावर लिहून घेतात, काही कच्चा खर्डा आणि पक्का खर्डा दोन्ही मागतात, काही यंत्राचे उत्तर मुलांपुढे ठेवून त्यातल्या चुका शोधायला लावतात. हे सर्व उपाय योग्य आहेत. पण त्यांचा हिशेब कोणी मांडला आहे काय?

आपण मांडून पाहू. एका वर्गात साठ मुले, प्रत्येकी दहा मिनिटे, म्हणजे सहाशे मिनिटे: दहा तास. एका अध्यापकाकडे असे चार वर्ग. चाळीस तास, तेही एकाच निबंधासाठी. पूर्ण आठवड्याचे काम! आणि हे करणार कोण? कर्नाटकातील शासकीय पदवी महाविद्यालयांचा गाडा दहा हजारांवर अतिथी व्याख्याते ओढतात. सेवेत कायम करावे या मागणीसाठी २०२३ च्या अखेरीस त्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला होता. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांची कहाणी याहून निराळी नाही, आणि गोव्यातही तासांवर मानधन घेणारे अध्यापक आपल्या परिचयाचे आहेत. तासाचे पैसे मिळणाऱ्या माणसाकडून चाळीस तास फुकट मागायचे, आणि त्याने नकार दिला की शोधयंत्र विकत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे उत्कृष्टता केंद्र म्हणून ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. आम्ही तिला विरोध करीत नाही. भारतीय भाषांत चांगली साधने व्हायची तर पैसा लागणारच. पण रिकाम्या पडलेल्या अध्यापकांच्या जागा भरण्याचा विषय निघाला की राज्य सरकारांच्या तिजोरीत खडखडाट ऐकू येतो, आणि यंत्राचा विषय निघाला की तोच आवाज थांबतो, हे आम्हांला खटकते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उतारा महाग आहे. तो म्हणजे विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा, त्याचे मागचे तीन निबंध वाचलेला, कायम नेमणुकीचा शिक्षक. ज्याने वर्षभर त्या मुलीचे लेखन वाचले आहे त्याला तिच्या वाक्याचे वळण माहीत असते. तो टक्केवारी पाहत बसत नाही.

काही मंडळी म्हणतील, मग जुनी तीन तासांची लेखी परीक्षाच बरी. मोबाइल दाराबाहेर ठेवा आणि सगळे गुण त्यावरच द्या. या सूचनेत तथ्य आहे, पण अर्धेच. त्या तीन तासांत स्मरण तपासले जाते. महिनाभर एखादा प्रश्न डोक्यात घोळवण्याची ताकद तपासली जात नाही, आणि पुढे आयुष्यात तीच उपयोगी पडते. घोकंपट्टीकडे परत जाणे म्हणजे यंत्राला शरण जाण्याचाच दुसरा प्रकार, कारण घोकण्यात यंत्राशी कोणी स्पर्धा करू शकणार नाही.

जागा भरण्यास काळ लागेल, हे आम्हांस समजते. नव्या सत्रापूर्वी मात्र दोन गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. धारवाडच्या, गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या विद्वत्सभांनी एका ओळीचा ठराव करावा की, शोधयंत्राने दिलेला आकडा हा एकटा पुरावा मानून कोणत्याही विद्यार्थ्यास अनुत्तीर्ण करता येणार नाही, त्याचे तोंडी म्हणणे त्याला येत असलेल्या भाषेत ऐकून घ्यावे लागेल. आणि अशा तोंडी परीक्षेचे तास अतिथी व तासिका अध्यापकांच्या कामाच्या हिशेबात धरून त्यांचे मानधन द्यावे. दुसऱ्या गोष्टीला अगदीच पैसे लागत नाहीत असे नाही. पण शोधयंत्राच्या वार्षिक वर्गणीची पावती काढून पाहिली तर ते कोठून आणावेत हा प्रश्न कुलसचिवांना पडू नये.